दहा जणांचा पुलाव एका बशीत कसा मावतो?

'आधुनिक अझरबैजानी जेवण' असं कुणी म्हटलं की डोळ्यांसमोर साधारण एकच चित्र येतं. मोठी पांढरी बशी, मध्ये चार घास, बाजूला सॉसचा फराटा आणि शेवटी भलंमोठं बिल. हे चित्र काही अगदीच खोटं नाही. बाकूत अशी रेस्टॉरंटं आहेत आणि त्यातली काही निव्वळ दिखाऊ आहेत. पण ज्या शेफना हे काम खरंच जमलंय, त्यांना सजावटीपेक्षा बऱ्याच किचकट गोष्टी सोडवाव्या लागल्या. अझरबैजानी जेवण मुळात एका माणसासाठी रचलेलंच नाही. ते घरभर माणसांसाठी, तासन्‌तास मंद आचेवर, चरबीचा हात सैल सोडून केलेलं जेवण आहे. रेस्टॉरंटला मात्र एका टेबलावरच्या दोन माणसांना अर्ध्या तासात गरम बशी द्यायची असते. हे गणित कसं बसवतात आणि कुठे फसतं, ते पाहू.

आधी थोडा भूगोल. अझरबैजान कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठावर आहे. उत्तरेला रशिया आणि कॉकेशसच्या रांगा, दक्षिणेला इराण. राजधानी बाकू आब्शेरोन द्वीपकल्पावर, समुद्रसपाटीच्या सुमारे २८ मीटर खाली. देश लहान, पण हवा जागोजागी वेगळी. शेकी हे गाव डोंगराच्या पायथ्याशी, तिथे चेस्टनट आणि मेंढ्या. दक्षिणेला लंकारान दमट, तिथे चहाचे मळे. आब्शेरोनची जमीन कोरडी, पण तिथे केशर होतं. त्यामुळे 'अझरबैजानी जेवण' म्हणजे चारपाच प्रांतांची वेगवेगळी चूल, आणि ती राजधानीत येऊन एका मेन्यूकार्डावर बसते.

परक्याला पैसे घेऊन जेवू घालायची रीत या शहराला नवी नाही. इचेरीशेहेर, म्हणजे बाकूचा तटबंदीतला जुना भाग, २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथे व्यापाऱ्यांच्या दगडी सराया अजून उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीचं नाव चक्क मुलतानी सराई आहे. हिंदुस्थानातले व्यापारी या वाटेनं जात-येत असत. बाकूजवळ सुराखानीला आतेशगाह नावाचं अग्निमंदिर आहे, तिथल्या शिलालेखांत देवनागरीत 'श्री गणेशाय नमः' कोरलेलं आजही वाचता येतं. मराठी वाचकाला लिपीसाठी दुभाषा लागणार नाही अशी त्या देशातली ही बहुधा एकमेव जागा.

मग १९२० ते १९९१ सोव्हिएत राजवट. या काळात घराबाहेरचं जेवण सरकारी झालं. उपाहारगृहांत कोणत्या पदार्थात काय किती ग्रॅम, तयार बशीचं वजन किती, हे ठरलेलं असे. याचा फायदा असा की शेकीची पिती, म्हणजे मडक्यात शिजवलेलं रस्सेदार मटण, बाकूतल्या माणसालाही माहीत झाली. तोटा असा की तिचं एकच 'अधिकृत' रूप उरलं. बटाटा, मटार आणि मेयोनेजचं रशियन सॅलडही याच काळात घुसलं ते आजतागायत लग्नाच्या टेबलावरून हललेलं नाही. खरं जेवण घरात राहिलं, आज्यांच्या हातात.

स्वातंत्र्यानंतर १९९४ साली परदेशी तेल कंपन्यांशी मोठा करार झाला, २००६ मध्ये बाकूहून तुर्कस्तानच्या किनाऱ्यापर्यंत तेलवाहिनी सुरू झाली आणि शहरात पैसा आला. पैसा आला की आधी परदेशी जेवण येतं: तुर्की, इटालियन, जपानी. आपलं जेवण पाहुण्यांना दाखवावं असं वाटायला वेळ लागतो. २०१२ला युरोव्हिजन गायन स्पर्धा बाकूत झाली, २०१६पासून फॉर्म्युला वनच्या गाड्या जुन्या तटबंदीला घासून जाऊ लागल्या. पाहुणे विचारायला लागले, तुमचं काय ते वाढा.

तेव्हा दोन वाटा दिसल्या. एक वाट म्हणजे गालिचे, तांब्याची भांडी, मुगाम हे पारंपरिक संगीत गाणारे कलावंत आणि आज्जीची पाककृती जशीच्या तशी. बाकूतलं 'शिरवानशाह' हे तर स्वतःला संग्रहालय-रेस्टॉरंटच म्हणवतं. दुसरी वाट 'सुमाख'सारख्या रेस्टॉरंटांची: बैठक आजची, पदार्थ ओळखीचे, पण मापं, मांडणी आणि काही वेळा डोकंही नवं. या दुसऱ्या वाटेवरच्या अडचणी जास्त मजेशीर आहेत.

सगळ्यात मोठी अडचण भात.

अझरबैजानी प्लोवमध्ये, म्हणजे तिथल्या पुलावात, भात आणि मांस एका भांड्यात शिजत नाहीत. तांदूळ आधी मिठाच्या पाण्यात भिजवतात. मग भरपूर उकळत्या पाण्यात टाकतात आणि दाण्याच्या पोटात कणी शिल्लक असतानाच निथळतात. जाड बुडाच्या भांड्यात लोणी वितळवून त्यावर 'गाझमाग'चा थर देतात: कुठे अंडं, दही आणि पिठाचं मिश्रण, कुठे त्यातच कालवलेला थोडा भात, तर कुठे नुसती लवाशची पातळ पोळी. त्यावर भाताचा ढीग रचायचा, वरून लोणी आणि कोमट पाण्यात भिजवलेलं केशर सोडायचं. झाकणाला आतून फडकं गुंडाळतात, म्हणजे वर गेलेल्या वाफेचं पाणी होऊन परत भातावर ठिबकत नाही. फडकं ते पिऊन टाकतं. तासभर अगदी बारीक आच. भात वाफेवर फुलतो, दाणा दाण्याला चिकटत नाही, आणि तळाला गाझमाग खरपूस होतो. मांस, जर्दाळू, चेस्टनट, हिरव्या पालेभाज्या, जे काही सोबत असेल त्याला 'गारा' म्हणतात. ते निराळ्या भांड्यात शिजतं आणि भाताला पहिल्यांदा भेटतं ते थेट ताटात.

या सगळ्याचा राजा, आणि या रीतीला थोडा अपवाद, म्हणजे शाह प्लोव. भांड्याला आतून लोणी लावलेल्या लवाशच्या पट्ट्या अशा लावायच्या की त्यांची टोकं बाहेर लोंबतील. आत भात, मटण, मनुका, जर्दाळू, चेस्टनट यांचे थर. मग लोंबती टोकं वरून मिटायची आणि भट्टीत भाजायचं. पालथं केलं की सोनेरी घुमट बाहेर येतो. लग्नात तो सगळ्यांसमोर सुरीनं कापतात. पाकळ्या उघडतात, वाफ सुटते, लोक टाळ्या वाजवतात.

आता हाच घुमट एका माणसाला हवा. शेफ म्हणतो, लहान भांडं घेऊ. इथे भूमिती आडवी येते. समजा मोठ्या भांड्याचा व्यास २४ सेंटीमीटर आणि उंची १२. त्यात साधारण साडेपाच लिटर ऐवज मावतो. लहान भांडं प्रत्येक बाजूनं एक तृतीयांश करा: व्यास ८, उंची ४. आत मावतो तो ऐवज २७ पट कमी होतो, म्हणजे जेमतेम २०० मिलीलिटर. पण बाहेरचा पृष्ठभाग फक्त ९ पट कमी होतो. याचा अर्थ, प्रत्येक चमचा भातामागे लवाशचं कवच तिप्पट झालं. मोठ्या घुमटात कवच चवीपुरतं लागतं, लहानात तुम्ही मुख्यतः पोळीच खात बसता. शिवाय उष्णता मधोमध पोचायला आता वेळच लागत नाही, त्यामुळे कवच रंगावर येईतो आतला भात सुकून कडक होतो.

यातून मार्ग आहे, पण तो पाककृती उलटीपालटी करतो. भात नेहमीसारखा मोठ्या भांड्यात, फडकं बांधून, तासभर वाफवायचा. तो दुपारीच तयार ठेवता येतो. ऑर्डर आली की धातूच्या लहान कड्यात लवाशचा एकच थर लावायचा, पट्ट्या एकावर एक चढवायच्या नाहीत. आत गरम, मुद्दाम थोडा जास्त ओलसर आणि लोण्यानं माखलेला भात भरायचा, गारा मधोमध ठेवायचा आणि तापलेल्या भट्टीत फक्त कवचाला रंग येईपर्यंत ठेवायचं. जे मुळात एकत्र शिजत होतं ते आता शिजवून जोडलं जातं. शुद्धतावादी मंडळी याला फसवणूक म्हणतील. मला ती वाटत नाही, कारण प्लोवचा मूळ नियम, म्हणजे भात निराळा आणि गारा निराळा, इथे मोडत नाहीच. मात्र कवच कापल्यावर भात मोकळा, सुळसुळीत पडला पाहिजे. लगदा पडला तर ते बिल फाडायच्या लायकीचं.

दुसरी अडचण चरबीची, आणि माझ्या मते इथेच बहुतेक 'आधुनिक' मेन्यू घसरतात.

कॉकेशसपासून मध्य आशियापर्यंतच्या मेंढ्यांच्या शेपटीत चरबीचा गोळा असतो. त्याला 'कुयरुग' म्हणतात. तो कबाबच्या खिम्यात जातो, पितीत जातो, कढवून तेलासारखाही वापरतात. मेंढीची चरबी तोंडाच्या उष्णतेला जेमतेम वितळते. पदार्थ थोडा निवला की ती टाळ्याला चिकटते. म्हणून या जेवणात शेजारी आंबट असतंच, आणि ते आंबटही एक प्रकारचं नाही. कबाबवर सुमाख नावाच्या आंबट फळांची लालसर पूड. माशाबरोबर नारशराब, म्हणजे डाळिंबाचा रस आटवून केलेलं काळपट दाट सार. रश्शात वाळवलेला आल्चा, एक जातीचा लहान आंबट आलुबुखारा. कच्च्या द्राक्षांचा रस आबगोरा. दही तर सगळीकडे. शिवाय टेबलावर 'गोयर्ती' नावाचा हिरव्या पाल्याचा ढीग: जांभळी तुळस, टॅरॅगॉन, कोथिंबीर, कांद्याची पात. ती सजावट नसते, मूठमूठ खातात.

चरबी आणि आंबट ही तराजूची दोन पारडी आहेत. आजचं गिऱ्हाईक तुपकट नको म्हणतं, शेफ कुयरुग काढून टाकतो किंवा निम्मा करतो. पण सुमाख आणि नारशराब आधीच्याच मापानं राहतात. मग मटण कोरडं आणि आंबट लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'हे जेवण मला काही खास वाटलं नाही.' उलट भानगडही होते: परदेशी जिभेला झेपेल म्हणून आंबट कमी करून वर मध किंवा साखर. मग जर्दाळू-मनुकांनी आधीच गोडसर झालेला प्लोव मिठाईच्या वाटेला लागतो. चांगल्या स्वयंपाकघरात चरबी कमी केली की आंबटाची जात बदलतात. दाट नारशराबऐवजी हलका आबगोरा, किंवा रश्श्यात आल्चा शिजवण्याऐवजी शेवटी ताजा आल्चा किसून. स्निग्धपणा हवा असेल तर तो अक्रोडातून आणतात. दक्षिणेत लेवेंगी नावाचं सारण आहेच: वाटलेले अक्रोड, कांदा आणि आंबट आलुबुखाऱ्याचा दाट गर, कोंबडीच्या किंवा माशाच्या पोटात भरून भाजलेलं. अक्रोडाचं तेल थंड झालं तरी गोठत नाही. म्हणून लेवेंगी आधुनिक बशीत सगळ्यात सहज रुळलं. फक्त अख्ख्या माशाऐवजी तुकडा आणि बाजूला लेवेंगीचा लेप दिला की गडबड होते, कारण बंद पोटातल्या वाफेत सारण आणि मासा एकमेकांत मुरत होते, ते बंद झालं. काही शेफ तुकड्यावर सारण पसरून त्याची गुंडाळी करतात. हे शहाणपणाचं.

पितीची गोष्ट उलटी आहे. शेकीचा हा पदार्थ पहिल्यापासूनच एकेका माणसाच्या मातीच्या लहान मडक्यात शिजतो. मटण, काबुली चणे, चेस्टनट, आल्चा, केशर, वर कुयरुगचा तुकडा, आणि कित्येक तास मंद आच. खायची रीत दोन टप्प्यांची. आधी वाडग्यात पावाचे तुकडे कुस्करून त्यावर नुसता रस्सा ओततात, सुमाख भुरभुरतात, ते संपवतात. मग मडक्यातला उरलेला ऐवज बाहेर काढून चरबीसकट चेचतात आणि दुसरा पदार्थ म्हणून खातात. एका मडक्यात दोन कोर्स! आधुनिक रेस्टॉरंटला हवं ते सगळं इथे शतकांपूर्वीच झालंय, तरी पुष्कळ जण त्यात ढवळाढवळ करतात: रस्सा गाळून काचेच्या किटलीतून टेबलावर ओततात, मटणाचा चौकोन कापून वर केशराचा फेस ठेवतात. चेचण्याचं काम गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेतलं की पिती नुसतं मटणाचं सूप उरतं. इथे हात न लावणं हेच उत्तम होतं.

दोवगा मात्र आपल्याला चटकन कळेल. दह्याला पीठ आणि अंडं लावून, त्यात थोडा तांदूळ आणि भरपूर पाला, म्हणजे शेपू, कोथिंबीर, पुदिना, पालक घालून केलेलं हे सूप. आपण कढीला बेसन लावतो त्याचं कारण आणि इथल्या पिठाचं कारण एकच. दही तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून गुठळ्या करतात. पिठातला स्टार्च मध्ये येतो आणि त्यांना जवळ येऊ देत नाही. तरीही उकळी फुटेपर्यंत एका दिशेनं ढवळत राहायचं, हात थांबला की दोवगा फाटला. मीठ शेवटी, खाली उतरवल्यावर. गरम खातात, उन्हाळ्यात गार. लग्नाच्या जेवणात तो जड पदार्थांच्या मध्ये किंवा नंतर येतो, पोटाला आराम म्हणून. नव्या रेस्टॉरंटांत तो लहान पेल्यात, गार, सुरुवातीलाच येतो. पदार्थ तोच, पण काम बदललं: पूर्वी जेवण जिरवायला, आता भूक चाळवायला. मला हा बदल पटतो. एवढ्या थोड्या जेवणानंतर जिरवायला काय उरतं?

दुशबाराबद्दल फार बोलायला नको, ते आधीच बशीत शोभण्यासारखं आहे. आब्शेरोनचे हे खिमा भरलेले मोदकासारखे मिटलेले चिमुकले तुकडे, स्वच्छ रश्श्यात पोहणारे, वर सुका पुदिना, बाजूला लसणाचा व्हिनेगर. सुगरणीची परीक्षा अशी की एका चमच्यात दहा मावले पाहिजेत. इथे अडचण पैशाची: एवढं बारीक काम हातानंच होतं, आणि घरी चार बायका गप्पा मारत जे फुकट करायच्या, त्याचा इथे पगार द्यावा लागतो. मेन्यूवर दुशबाराची किंमत मटणाच्या तुकड्यापेक्षा कमी दिसली तर तुकडे यंत्रानं केलेले असण्याची शक्यता बरीच.

काही बदल शेफच्या हौसेनं नाही, नाइलाजानं झाले. कॅस्पियनचा स्टर्जन मासा आणि त्याचं काळं कॅव्हिअर, म्हणजे खारवलेली अंडी, ही बाकूची जुनी श्रीमंती. मासेमारी इतकी झाली की १९९८पासून सगळ्या जातींच्या स्टर्जनचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. आता तळ्यात वाढवलेला स्टर्जन वापरतात. त्याचा कबाब नारशराबबरोबर अजूनही मेन्यूच्या वरच्या ओळीत असतो.

शिवाय या स्वयंपाकघरावर शेजाऱ्यांची नजर असते, हेही लक्षात ठेवायला हवं. २०१४ला आर्मेनियाचा लवाश युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. २०१६ला अझरबैजान, इराण, तुर्कस्तान, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान यांनी मिळून पातळ पोळ्यांची परंपरा नोंदवली. २०१७ला अझरबैजानच्या दोलम्याची नोंद झाली, द्राक्षाच्या पानांत खिमा गुंडाळतात तो दोलमा. ज्या पदार्थाच्या मालकीवरून दोन देशांत धुसफूस आहे, त्यात शेफनं एक मसाला बदलला तरी घरच्याच लोकांच्या भुवया वर जातात. म्हणून बाकूत दोलम्याला फारसं कुणी छेडत नाही. प्रयोग होतात ते कबाबच्या बाजूच्या पदार्थांत, वांग्यात, गोडात.

२०२५च्या मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजाननं पाकिस्तानची बाजू घेतली आणि भारतीयांनी बाकूच्या सहली धडाधड रद्द केल्या, हे वाचकांना आठवत असेलच. जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. हे जेवण दुबई-लंडनमध्येही मिळतं, तेव्हा प्रश्न कधीतरी समोर येऊ शकतो: काय मागवायचं?

मांसाहारी असाल तर पहिल्यांदा प्लोव मागवा, आणि मागवताना विचारा की गाझमाग मिळेल का. 'तो आम्ही देत नाही' असं उत्तर आलं तर भात बहुधा कुकरमधला आहे. शाकाहारी मंडळींचे हाल होतात अशी समजूत आहे, पण ती पूर्ण खरी नाही. गुताब म्हणजे पाला भरून सपाट तव्यावर भाजलेल्या पातळ पोळ्या आहेत, वर लोणी आणि सोबत दही. सुका मेवा घातलेला गोड प्लोव आहे, पण मांसाचा रस्सा वापरलाय का हे विचारून घ्यावं. दोवग्यात अंडं असतं, काही ठिकाणी खिम्याच्या गोळ्याही असतात. क्यूक्यू दिसायला पाल्याचं वडीसारखं असलं तरी ते अंड्याचंच, आणि 'तीन बहिणी' असं गोंडस नाव असलेला वांगं-टोमॅटो-मिरचीचा दोलमा हमखास खिमा भरलेला. शेवटी चहा. तो नासपतीच्या आकाराच्या काचेच्या आर्मुदू पेल्यात येतो, बिनदुधाचा, सोबत पांढऱ्या चेरीचा किंवा कोवळ्या अक्रोडाचा मुरंबा. मुरंबा चहात घालून ढवळायचा नाही. चमचाभर तोंडात ठेवून वर चहाचा घोट घ्यायचा. याच्यात मात्र कुठल्याच शेफनं अजून सुधारणा केलेली नाही, आणि दूध मागितलंत तर वेटर दोनदा विचारून खात्री करून घेईल.